पूर ओसरल्यानंतरची हजेरी

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 57 फुटांवर गेली. बाजारपेठा पाण्याखाली गेल्या आणि अनेक शाळा पूरग्रस्तांचे निवारे झाल्या. जुलै 2021 मध्ये त्याच पट्ट्यावर तसाच प्रसंग पुन्हा ओढवला. अशा वेळी व्यापारी कुटुंबे आणि सामाजिक ट्रस्ट धान्य, अंथरुणे, वह्या व दप्तरे घेऊन धावून जातात. मात्र मदतीच्या यादीत श्रवणयंत्राचे सेल किंवा ब्रेल पाटी सहसा नसते. त्या मुलाची आठवणच यादी करताना झालेली नसते.

इतर मुलांचा बुडालेला अभ्यास दोन महिन्यांत भरून निघू शकतो. दिव्यांग मुलाचे शिक्षण मात्र साधन, विशेष शिक्षक, ने-आण आणि ठरलेला दिनक्रम अशा अनेक दुव्यांवर उभे असते. एक दुवा निखळला तरी सारे थांबते. श्रवणयंत्राला दमट हवा बाधते. ब्रेल पुस्तक भिजले की उठावाचे ठिपके दबतात. ते वाळवूनही नीट वाचता येत नाही. निवाऱ्यातील गर्दी आणि गोंगाट स्वमग्न मुलाला असह्य होतो. पालक त्याला घेऊन नातेवाइकांकडे जातात. शाळा उघडते तेव्हा तो परतलेला नसतो आणि पुढे पुष्कळदा परततच नाही.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हाही हेच घडले. धडे मोबाइलवर आले. पण लहानशा पडद्यावर कर्णबधिर मुलाला शिक्षकांचे ओठ नीट दिसेनात, आणि प्रत्यक्ष भेटीत ते मुखपट्टीआड गेले. पाठ्यपुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार एनसीईआरटीने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केला. तोपर्यंत शाळा बंद होऊन सहा महिने उलटले होते. संकट आल्यावर केलेली सोय उशिराच पोहोचते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 31 नुसार 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम 8 आपत्तीतील संरक्षणाविषयी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि त्यांना धोक्याची सूचना द्यावी, असे त्यात सांगितले आहे.

पण नोंद व्हायची तर घरच्यांनी नाव सांगितले पाहिजे. येथेच काही प्रतिष्ठित घरांचे पाऊल अडखळते. भावंडांच्या सोयरिकीवर परिणाम होईल, पेढीवर चर्चा होईल, या संकोचाने मूल आतल्या खोलीत राहते. शासनाच्या नोंदीत नाही आणि शेजाऱ्यांना ठाऊक नाही, अशा मुलापर्यंत मदतीची नाव पोहोचणार कशी?

दुकानात पाणी शिरण्याची चाहूल लागताच रोजमेळ, खतावणी आणि कराची कागदपत्रे आधी माडीवर जातात. कोणते बाड कोणत्या कपाटात आहे, हे मुनीमजींना अंधारातही ठाऊक असते. तीच शिस्त मुलासाठी लावणे कठीण नाही. पाणी न शिरणाऱ्या एका पिशवीत दिव्यांग ओळखपत्राची प्रत, औषधांची चिठ्ठी, साधनांचे जादा सेल आणि चालू वही ठेवावी. त्यासोबत एक कागद असावा: मूल कसे बोलते, कशाने घाबरते, कशाने शांत होते. अनोळखी स्वयंसेवकाला तो कागद फार उपयोगी पडतो.

ट्रस्टच्या सभागृहांनाही काही करता येईल. पायऱ्यांलगत उतार, तळमजल्यावर रुंद दाराचे स्वच्छतागृह आणि निवाऱ्यात एक शांत कोपरा, जिथे रोज दोन तास सर्व मुलांनी एकत्र अभ्यास करावा. शाळा सुरू होताच पहिल्या आठवड्यात कोणी हजेरीपट पाहून न आलेल्या मुलांच्या घरी जावे आणि त्यांना काय कमी पडते ते विचारावे.

ही कामे मृगाच्या आधी एका दुपारी ठरवता येतात. ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत पावसाळी मदतीची यादी मांडली जाईल, तेव्हा या मुलांची नावे तिच्यात प्रारंभीच लिहिली जावीत.