दोर कुणाचा, जीव कुणाचा?

सेलू स्टेशनवरून पुण्या-मुंबईची गाडी धरणारी आपली पोरं आता विचारतात, "दादा, कंपनीची नोकरी सोडून दोरावरचं काम शिकू का?" म्हणजे उंच इमारतींच्या काचा, चिमण्या, पवनचक्कीची पाती.

माझं मत: शिका, पण डोळे उघडे ठेवून.

आपल्या माणसाला दोर नवा नाही. कमरेला दोर बांधून त्याला गटारात उतरवलं जातं. २०१३ चा कायदा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये १० लाख भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरी मरणं थांबली नाहीत. तो दोर बहुतेकदा प्रेत ओढण्यापुरताच कामी येतो.

इराटाच्या पद्धतीत दोन दोर असतात. एक कामाचा, दुसरा जीव राखणारा. चार दिवस प्रशिक्षण, मग स्वतंत्र परीक्षकाकडून परीक्षा. पहिल्या पातळीचा कामगार तिसऱ्या पातळीच्या सुपरवायझरखालीच काम करतो. पुढची पातळी हवी तर किमान वर्षभर आणि १००० तासांची नोंद लागते. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. वहीत तास लिहितात, आडनाव नाही.

पण फी कोण भरणार? सावकार? बार्टी कौशल्य प्रशिक्षण देते. त्यात हा अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्राची फी आली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू.

आणि एकाच दोरावर लटकवणारा ठेकेदार भेटला, तर खाली उतरा. बाबासाहेब १९४२ मध्ये मजूरमंत्री झाले, ते कामगाराचा जीव स्वस्त राहू नये म्हणून.

जय भीम!