तोंडाला रुमाल बांधला की झालं?

परवा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. ठेकेदाराकडे भट्ट्यांचं जुनं अस्तर काढायचं काम करतो. बोलताना सारखा खोकत होता. म्हणाला, "सर, पांढरा कापूसच असतो तो. रुमाल बांधतो की!"

कापूस कसला? सिरॅमिक फायबर तो! त्याचे तंतू कर्करोगाला कारण ठरू शकतील असं आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच सांगितलंय. त्यात भट्टीत वर्षानुवर्षं तापून त्याचं काही अंशी क्रिस्टोबलाइट होतं, म्हणजे स्फटिकी सिलिका. सिलिकोसिस करणारी, आणि १९९७ पासून निश्चित कर्करोगकारक ठरलेली. म्हणजे बसवणाऱ्यापेक्षा काढणाऱ्याला धोका जास्त, आणि नेमका तोच रोजंदारीवर!

"पोरं मास्क घालत नाहीत," हे ठेकेदारांचं ठरलेलं उत्तर. अहो, मास्क हा शेवटचा उपाय. आधी भट्टी थंड झाल्यावर अस्तर भिजवा, धूळ उडते तिथेच ओढून घ्या, कोरडा झाडू आणि हवेचा पाइप बंद करा, कचरा पिशवीत बंद करा. मग चेहऱ्यावर घट्ट बसणारा चांगला मास्क द्या, रुमाल नव्हे.

फळा पुसताना याच मुलाला मी सांगायचो, "ओलं फडकं घे रे." एवढी साधी गोष्ट मालकांना कोणी शिकवायची?