डॉलरमधला भाव आणि आपल्या पदरात पडणारा भाव



परवाच्या मीटिंगला एका सभासदाने मोबाईल पुढे केला. अमेरिकेत आमसुलाचं पाकीट डॉलरमध्ये विकतंय, मग कंपनी आम्हाला एवढासाच भाव का देते? प्रश्न रास्त आहे. पण त्या भावात मालापेक्षा वाटखर्चच जास्त असतो.

*भाडं:* ते नुसत्या वजनावर नसतं. कुरिअरवाले खोक्याची लांबी × रुंदी × उंची (सें.मी.) करून ५००० ने भागतात आणि जो आकडा मोठा तो धरतात. ३० × ३० × ३० चं खोकं म्हणजे ५.४ किलो. आत २ किलोच नाचणीचे पापड असले तरी भाडं ५.४ किलोचं. त्यापेक्षा पुटं देऊन कडक उन्हात वाळवलेलं आमसूल बरं. दाबून भरता येतं, फुटत नाही. आगळ तूर्त नकोच. बाटली गळली की मालही गेला, भाडंही गेलं.

*ड्युटी:* अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी नव्हती. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. ड्युटी कोण भरणार हे आधीच ठरवा, नाहीतर गिऱ्हाईक पार्सल घेणार नाही. खाण्याच्या मालाची तिथल्या एफडीएला आगाऊ सूचनाही द्यावी लागते.

*कागद:* निर्यातीला आयईसी लागतो. फी ५०० रुपये, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अपडेट केला नाही तर तो बंद पडतो. शिवाय एफएसएसएआयचं लायसन, जीएसटीचं एलयूटी. घरोघरी हा खटाटोप कशाला? माझं मत स्पष्ट आहे: कागद एकदाच, कंपनीच्या नावावर.

*नाव:* कोकमाचं जीआय सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं आहे, आपलं नाही. ते पाकिटावर छापू नका. हापूसच्या जीआयमध्ये रायगड आहे, पण तेही नोंदणी केलेल्यांनाच वापरता येतं. 'पोलादपूरचं आमसूल' एवढं खरं नाव आपल्याला पुरे.

आता कंपनीची बाजू. प्रत्येक परदेशी ऑर्डरची विक्री, खोकं, भाडं, ड्युटी, वेबसाइटचं कमिशन आणि शेतकऱ्याला उरलेला भाव, हा हिशोब याच नंबरवरून सगळ्यांना गेला पाहिजे. हिशोब दिसला तरच विश्वास टिकेल. पुढच्या बोर्ड मीटिंगला मी हे मांडणार आहे.

पटलं तर 'हो' लिहा, नाही पटलं तर का ते लिहा.

– आपला एक संचालक