आईची काया

बुऱ्हाणपुरास गेलेला प्रवासी शाही किल्ल्यातील हमाम पाहतो आणि मुमताजमहालाच्या लावण्याच्या गोष्टी ऐकून परततो. त्याच गावी १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात तिचा अंत झाला. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचा देह प्रथम विसावला. आग्ऱ्याची कबर नंतरची. लावण्याची एवढी कीर्ती, परंतु चौदा बाळंतपणांनी झिजलेल्या त्या देहाविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आम्हांस हे आठवले ते बाप्तिस्म्याच्या छायाचित्रांमुळे. बाळंतीण हटकून मागे उभी; पोट सुटले, म्हणून पदराआड. घरचेही हसण्यावारी 'जाडी झालीस' म्हणतात. (पुरुषांच्या पोटांविषयी मात्र सारे मौन!) मग ती रात्रीचे जेवण सोडते. नऊ महिने ताणलेले पोट नऊ दिवसांत कसे ओसरावे? उलट, अंगावर पाजणारीस अन्न अधिकच लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. तिने चालावे-फिरावे जरूर, पण भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर खाऊन. आणि पुढील बाप्तिस्म्यास छायाचित्रकाराने पहिली खुर्ची आईस द्यावी.