ट्रोल, रक्तबीज आणि जरासंध : ‘आधी कुणाचे?’ हा प्रश्नच अपुरा आहे

१/१३
आजचा धागा मारूनही न मरणाऱ्या राक्षसांविषयी आहे. आरंभीच एक खुलासा करतो. येथे ‘ट्रोल’ म्हणजे समाजमाध्यमांवरचा जल्पक नव्हे, तर कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेममधला तो उंच, लांब हातांचा राक्षस. तलवारीने कितीही वार करा, त्याच्या जखमा आपोआप भरून येतात. त्याला अग्नी किंवा आम्लच संपवू शकते.

२/१३
नवरात्र जवळ आले की या ट्रोलबद्दल एक दावा हमखास ऐकू येतो : ‘हा तर आपला रक्तबीज. पाश्चात्त्यांनी आपल्या पुराणांतून उचलला.’ ऐकायला हे सुखद वाटते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने सुखद वाटणारे विधान दुप्पट काळजीने तपासावे. तेव्हा आधी ट्रोलची वंशावळ पाहू.

३/१३
स्कँडिनेव्हियन लोककथांतला ट्रोल डोंगरात राहतो आणि माणसांना त्रास देतो. कित्येक कथांत सूर्यप्रकाश पडताच त्याचा दगड होतो. मात्र जखमा भरून येणे हा त्याचा गुण नव्हे. तो त्याला दिला पोल अँडरसन या अमेरिकी लेखकाने. त्याची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ ही कथा १९५३ मध्ये नियतकालिकात आणि १९६१ मध्ये कादंबरीरूपात आली. तीत ट्रोलचे तुटलेले अवयवही लढत राहतात आणि अखेर अग्नीच उपयोगी पडतो.

४/१३
१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात हाच ट्रोल अवतरला. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ने तर हिशेबच मांडला : जखम झाल्यानंतर तीन फेऱ्यांनी, दर फेरीस तीन गुण भरून येणार. गायगॅक्सने १९७९ मध्ये आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या पुस्तकांची यादी छापली. तीत अँडरसनची ही कादंबरी आहे. तात्पर्य, ही साखळी कागदोपत्री उपलब्ध आहे आणि तीत रक्तबीज कोठेही येत नाही.

५/१३
येथून ट्रोल संगणकात शिरला. ‘बाल्डर्स गेट २’मध्ये (२०००) तो कोसळतो, पण अग्नी वा आम्लाचा शेवटचा घाव बसला नाही तर पुन्हा उठतो. ‘नेटहॅक’मध्ये (१९८७) मेलेला ट्रोल काही वेळाने जिवंत होतो. म्हणून अनुभवी खेळाडू एक विलक्षण उपाय करतात : ते त्याचे प्रेतच खाऊन टाकतात. हा तपशील लक्षात ठेवा.

६/१३
आता रक्तबीज. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य, म्हणजेच आपल्या घरोघरी नवरात्रात वाचली जाणारी सप्तशती, हिच्या आठव्या अध्यायात तो येतो. मातृका त्याच्यावर तुटून पडतात. रक्ताचा प्रत्येक थेंब भूमीवर पडताच त्याच्याच तोडीचा नवा असुर उभा राहतो. जितके वार, तितके शत्रू. वेरूळच्या १४ आणि २१ क्रमांकांच्या लेण्यांत सप्तमातृका पाहाल, तेव्हा हे युद्ध आठवा.

७/१३
उपाय काय निघतो? चंडिका चामुंडेला सांगते : मुख पसर, मी घाव घालते, तू रक्त भूमीवर पडण्याआधीच पिऊन टाक आणि त्यातून उपजलेले असुरही गिळून टाक. रक्तहीन झालेला रक्तबीज मरतो. ‘नेटहॅक’च्या खेळाडूंना सप्तशती ठाऊक असण्याचे कारण नाही, तरीही ते त्याच युक्तीपर्यंत पोहोचले. पेच सारखा असला की उत्तरेही सारखी निघतात. त्यासाठी उसनवारीची गरज नसते.

८/१३
शिवाय या दोन राक्षसांत भेद आहे. ट्रोल बरा होतो, रक्तबीज बहुगुणित होतो. रक्तबीजाचे अधिक जवळचे नाते सांगायचे तर ते ग्रीक हायड्राशी सांगावे लागेल : एक मस्तक कापले की दोन उगवतात. गंमत अशी की इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हिसिअडने हायड्राचा उल्लेख केला, त्यात मस्तके पुन्हा उगवत नाहीत. अपोलोडोरसच्या नावावरील बऱ्याच उत्तरकालीन ग्रंथात मात्र ती उगवतात.

९/१३
आता आपल्या पुण्याकडे वळू. जरासंधाची गोष्ट लहानपणी आपण कशी ऐकली? भीम त्याला उभा चिरतो, दोन्ही शकले पुन्हा जुळतात. मग कृष्ण काडी चिरून तिचे तुकडे उलटसुलट दिशांना फेकतो, भीम तसेच करतो आणि जरासंध संपतो. आता भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती उघडा. हे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाले. तिच्या सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन.

१०/१३
त्या संहितेत जरासंधाचा जन्म दोन शकले जोडून झालेला आहे, हे खरे. मृत्यू मात्र वेगळा आहे. भीम त्याला उचलून शंभर वेळा गरगर फिरवतो आणि त्याची पाठ मोडतो. काडी नाही, शकलांचे पुन्हा जुळणे नाही. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण फांदी चिरून खूण करतो आणि भीम शत्रूला उभा चिरतो, पण तेथेही तो पुन्हा जुळत नाही. ती भर पुढच्या कथनकारांची. जन्मकथेतील जोड त्यांनी मृत्यूच्या प्रसंगातही आणली.

११/१३
आता ट्रोल, हायड्रा आणि जरासंध शेजारी ठेवा. ज्या रूपांत ते आपल्यापर्यंत लिखित स्वरूपात आले, त्यांत मूळची न दिसणारी ही शक्ती तिघांनाही पुढे मिळाली. म्हणून ‘आधी कुणाचे?’ यापेक्षा ‘ही भर केव्हा पडली आणि कशासाठी?’ हा प्रश्न मला अधिक फलदायी वाटतो. माझे उत्तर असे : केवळ बाहुबलाने जिंकणारा एकटा वीर कथेला पुरेनासा झाला, म्हणजे शत्रूला ही शक्ती दिली जाते.

१२/१३
कारण अशा शत्रूपुढे बळ निरुपयोगी ठरते. लागते ते ज्ञान आणि जोडीदार. हेराक्लिसला डाग देणारा इओलाउस हवा, चंडिकेला चामुंडा हवी, तलवारबाजाला शेजारी मशालवाला हवा. जरासंधकथेत तर थरागणिक कृष्णाच्या युक्तीचे महत्त्व वाढत गेलेले दिसते : आधी सूचक बोल, मग फांदी, मग उलट फेकलेली शकले. आधुनिक खेळांविषयी माझी तक्रार हीच आहे. ‘ट्रोलला अग्नी’ हे प्रत्येकाला आधीच पाठ असते. त्यामुळे शोधाचा क्षण हरवतो आणि केवळ विधी उरतो.

१३/१३
‘सारे आपलेच होते’ या दाव्याचेही असेच आहे. रागाने वार केला की एका दाव्याचे दहा होतात. त्याला उत्तर आरडाओरड्याचे नव्हे, संहिता उघडण्याचे. आणि त्यात आपले काही उणे होत नाही. रक्तबीजाची कथा कुणी चोरली नसली तरी ती थोरच आहे. जरासंधाची जुळणारी शकले ‘प्रक्षिप्त’ म्हणून फेकून देण्याजोगी नाहीत. ती कीर्तनकारांची आणि आजीआजोबांची निर्मिती आहे, म्हणजेच तीही इतिहासाचे साधन आहे. तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगत? काडी होती का? शकले किती वेळा जुळत? सांगणारे कोणत्या भागातले? खाली अवश्य लिहा. मोठी माणसे आहेत तोवर ही रूपे विचारून, नोंदवून ठेवायला हवीत.