विश्लेषण : आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी, पण भाषेविना?

बांगलादेश सरकारने कांद्याच्या आयातीला परवानगी दिली किंवा ती थांबवली, की त्याचे पडसाद लासलगावच्या लिलावात उमटतात. पण त्या निर्णयामागे तेथील शेतकऱ्यांचा दबाव आहे, डॉलरची टंचाई आहे की दिल्लीवरची नाराजी, हे ढाक्याची बंगाली वृत्तपत्रे वाचून सांगू शकणारा अभ्यासक महाराष्ट्रात शोधावाच लागतो. आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एम.ए. करू पाहणाऱ्यांची वानवा नाही. मग अडते कोठे?

या अभ्यासाची सुरुवात कशी झाली?

पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर, १९१९ मध्ये वेल्समधील अॅबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. भारतात १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले. हृदयनाथ कुंझरू आणि ए. अप्पादोराय यांचा त्यात पुढाकार होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या शेजाऱ्यांकडे लंडनच्या चष्म्यातून पाहू नये, स्वत: जाणून घ्यावे, ही त्यामागची गरज होती. १९७० मध्ये ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. पूर्व आशिया, पश्चिम आशिया, रशिया व मध्य आशिया, आफ्रिका अशा प्रदेशांसाठी तेथे स्वतंत्र केंद्रे आहेत. चिनी, रशियन, फारसी, अरबी शिकवणारे भाषा विभागही त्याच आवारात आहेत. प्रदेशाचा अभ्यास करायचा तर तेथील भाषा यायला हवी, हा त्यामागचा साधा विचार.

प्रत्यक्षात काय शिकवले जाते?

अनेक ठिकाणी वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासंतुलन, संयुक्त राष्ट्रे, अण्वस्त्रप्रसारबंदी आणि भारताचे परराष्ट्र धोरण एवढ्यावर एम.ए. पूर्ण होते. हे सारे आवश्यकच आहे. पण यातील बहुतेक विषय लोकसेवा आयोगाच्या ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ या वैकल्पिक विषयातही आहेत. त्यामुळे दोन वर्षांची पदवी आणि शिकवणी वर्गातील टिपणे यांतील अंतर कमी होत जाते. चीनवर प्रबंधिका लिहिणारा विद्यार्थी चिनी वृत्तपत्राचा मथळाही वाचू शकत नाही आणि त्याचे सारे संदर्भ इंग्रजी असतात, याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

एम.ए. केल्याने परराष्ट्र सेवेत जाता येते का?

थेट नाही. नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि परराष्ट्र सेवेच्या जागा दरवर्षी काही डझनच असतात. मात्र निवड झाल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकीय भाषा नेमून दिली जाते आणि ती शिकावीच लागते. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांची एम.ए. इतिहासातील. पण चीनविषयीच्या त्यांच्या मताला वजन आले ते चिनी भाषा आणि तेथील प्रदीर्घ अनुभवामुळे. कोल्हापूरच्या मातीतून आलेले ज्ञानेश्वर मुळे यांच्या कारकीर्दीची सुरुवातही जपानी भाषा शिकण्याने झाली. सरकार ज्या कौशल्यावर स्वत:च्या अधिकाऱ्यांसाठी वेळ आणि पैसा खर्च करते, ते विद्यापीठांनी ऐच्छिक ठेवावे, हे विसंगत आहे. वृत्तमाध्यमे, निर्यात कंपन्या, संशोधन संस्था यांनाही केवळ सिद्धांत सांगणाऱ्यापेक्षा एखादा देश आतून ओळखणारा माणूस उपयोगी पडतो.

आता हा प्रश्न तातडीचा का?

कारण शिकण्याचा अवधीच कमी होतो आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील नियमांनी एम.फिल. बंद केली. प्रदेश निवडणे, भाषेचा पाया घालणे, पहिले लहान संशोधन करणे, ही कामे त्या काळात होत असत. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची एम.ए. करण्याची मुभा आहे. ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.लाही प्रवेश घेता येतो. वेळ वाचतो, हे खरे. पण चिनी किंवा अरबी लिपीची ओळख होऊन वर्तमानपत्र वाचता येण्यास काही वर्षे लागतात. नियम बदलून ती कमी होत नाहीत. म्हणजे भाषा पदवीच्या पहिल्या वर्षापासून सुरू व्हायला हवी. तसे न झाल्यास संशोधक थेट पीएच.डी.च्या दारात आणि तोही इंग्रजी अनुवादांच्या भरवशावर उभा राहील.

महाराष्ट्रात काय करता येईल?

नव्या इमारतींची गरज नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. त्याच विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच शिकवत आला आहे. श्रेयांक पद्धतीत या दोन विभागांची सांगड घालणे कागदावर तरी अवघड नाही. एक भाषा आणि एक प्रदेश यांना अनिवार्य श्रेयांक द्यावेत. प्रबंधिकेत त्या भाषेतील काही मूळ साधने वापरण्याची अट घालावी. शिवाय प्रत्येक भाषा परकीयच असते असेही नाही. बांगलादेशासाठी बंगाली, श्रीलंकेच्या उत्तर भागासाठी तमिळ, नेपाळसाठी नेपाळी या तर भारताच्याच भाषा आहेत.

यासाठी शिक्षक लागतील, खर्च होईल आणि काही विद्यार्थी सोप्या अभ्यासक्रमाकडे वळतील, हे आक्षेप खरे आहेत. पण अवघड भाग वगळून दिलेली पदवी विद्यार्थ्यालाच महागात पडते. नोकरीच्या मुलाखतीत त्याला सिद्धांत विचारला जाईलच. ‘तुम्हाला कोणता देश कळतो?’ या पुढच्या प्रश्नालाही त्याच्याकडे उत्तर असायला हवे.