फोनवरचा निरोप

मुलांनो, पूर्वी घरात कुणाला ताप आला, की अम्मी शेजारच्या खालाला विचारत असे. आज तुर्भ्यात काय किंवा नेरूळमध्ये काय, आई-वडील आधी मोबाइल हातात घेतात. क्षणात दहा उपाय समोर येतात. ही सोय मोठी आहे. दवाखान्याचा पत्ता सापडतो. रात्री-अपरात्री १०८ क्रमांक लावून रुग्णवाहिका बोलावता येते. परंतु फोन खरे आणि खोटे एकाच आवाजात सांगतो, हे विसरू नका.

एक घडलेली गोष्ट सांगतो. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना गोवर आणि रुबेला या रोगांवरील लस देण्यास सुरुवात झाली. गोवर म्हणजे तुम्ही ज्याला खसरा म्हणता तोच. लस शाळाशाळांतून दिली जात होती. त्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा पसरल्या. या लसीमुळे पुढे मुलेबाळे होत नाहीत, असे निरोप घरोघरी पोहोचले. ते साफ खोटे होते. तरी कित्येक पालकांनी लस नाकारली. मुलांवर प्रेम होते, म्हणूनच ते घाबरले.

गोवर मात्र कोणाची वाट पाहत नाही. २०२२ साली मुंबईत त्याची साथ आली. वाशीची खाडी ओलांडली, की मानखुर्द आणि मग गोवंडी लागते. त्या गोवंडीत अनेक मुले आजारी पडली. साथीत काही बालके दगावलीही. लस न घेतलेल्या मुलांना या रोगाचा धोका सर्वांत जास्त असतो.

मग फोन वापरूच नये का? मला तसे वाटत नाही. फोनवर जरूर शोधावे. पण उत्तराची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी. जो फोन आपल्याला दवाखान्याच्या दारापर्यंत नेतो तो उपयोगाचा. जो दारातून परत फिरवतो तो घातक.

येथे तुमचे काम सुरू होते. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरील सूचना मराठीत असतात. घरात त्या नीट वाचू शकणारे कित्येकदा तुम्हीच असता. मराठी तुम्ही केवळ परीक्षेसाठी शिकत नाही.

उद्या अम्मी किंवा अब्बा फोन पुढे करून म्हणतील, "हे जरा वाचून दाखव." तेव्हा वाचा आणि तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहिले? कधी लिहिले? लिहिणाऱ्याने आपले नाव का दिले नाही? निरोपावर दोन बाणांची खूण असेल, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे, हे ओळखा. असा निरोप पुढे पाठवू नका. लहान भावाचे लसीचे कार्ड घ्या आणि अम्मीबरोबर आरोग्य केंद्रात जा. तेथे प्रश्न विचारायला लाजू नका.